मी येऊन सांगेपर्यंत हलू नका

हे मी आजवर तोंडातून बाहेर काढलेलं नाही. आमच्या ह्यांना सांगितलं नाही, बहिणीला नाही, आणि खरं सांगायचं तर देवापुढे हात जोडतानाही ही एक गोष्ट जरा बाजूला सारूनच हात जोडत आले. देवाला सगळं दिसतं म्हणतात. दिसत असेल. पण आपण होऊन दाखवणं निराळं — नाही का?

आणि आधीच सांगून टाकते, मी काही झुरणारी बाई नाही. पाठ टेकली की मला झोप लागते. गुडघे सोडले तर तब्येतीची तक्रार नाही, सुना जीव लावतात, हे निवृत्तीनंतर कुंड्यांमध्ये रमलेत. कुणी विचारलं, बाई तू आयुष्यात काय केलंस, तर मी ताठ मानेनं सांगते — माणसं फिरवली. दौंड-शिरूरकडच्या किती जणांनी पहिला समुद्र माझ्या बोटाच्या रोखानं पाहिला असेल! ते सुख माझं आहे, आणि ते मी कुणाला देणार नाही. मग आता हे कशाला काढलं? ठाऊक नाही. इतकी वर्षं एक खोली बंद ठेवून घर झाडत होते, एवढंच.

दौंडच्या रेल्वे कॉलनीत आमचं बिऱ्हाड होतं. हे रेल्वेत, घरात कमी आणि ड्युटीवर जास्त. मुलं शाळेला लागली तेव्हा मी कॉलनीतल्या बायकांची एक सहल काढली, महाबळेश्वरची. सहज म्हणून. ती इतकी रंगली की पुढच्या वर्षी नवरेही यायला तयार झाले, मग पाटसचे, चौफुल्याचे, न्हावऱ्याचे, थेट शिरूरचे लोक नावं द्यायला लागले. दोन-तीन वर्षांत माझी स्वतःची चार दिवसांची सहल उभी राहिली. भाड्याची लक्झरी, ड्रायव्हर शब्बीरभाई, आणि हातात माइक घेतलेली मी. पहाटे शिरूरहून गाडी सुटायची, वाटेतली माणसं उचलत दौंडला यायची, मग बारामती-फलटण करत वाई, पाचगणी, महाबळेश्वर. तिथून घाट उतरून कोकण — हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर — आणि माघारी.

आमच्याकडची माणसं तोवर देवाला जायची. नुसतं गार वारं खायला कुणी चार दिवस घर सोडतं का? म्हणून मी पत्रकात देव वर छापायचे आणि पॉइंट खाली. वाईचा गणपती, क्षेत्र महाबळेश्वर, हरिहरेश्वर. सासूबाईंची परवानगी देवामुळे मिळायची आणि सुनेचे फोटो पॉइंटवर निघायचे. सगळे खूश. घाटात लिंबू, आवळासुपारी आणि प्लास्टिकच्या पिशव्या मी हातोहात वाटायचे. कुणाला मळमळलं की मोठ्यानं भेंड्या सुरू करायचे. फार मजा यायची हो. आजही एखादी लक्झरी रस्त्यानं गेली की मी खिडक्यांकडे बघत उभी राहते.

बघा, मी मजेचंच सांगत बसले. असंच होतं. त्या गोष्टीकडे जायला निघाले की मी वाटेत प्रत्येक पॉइंटला गाडी थांबवते.

तर मोजणीचं सांगायला हवं. सुरुवातीला मी प्रत्येक थांब्यावर बोट दाखवून माणसं मोजायचे — एक, दोन, तीन. एका सहलीत शिरूरकडच्या एक धनगरीण आत्याबाई होत्या, त्या खवळल्या. ‘बोट दावून मेंढरं सुदीक मोजीत न्हाई आमी, आन् तू माणसं मोजतीस व्हय?’ म्हणाल्या. गाडीतल्या निम्म्या बायकांनी माना डोलावल्या. मला ते पटलं असं नाही, पण गिऱ्हाईक नाराज करून सहल चालत नाही. मग मी जोड्यांची पद्धत काढली. पहिल्याच सकाळी प्रत्येकाची जोडी ठरवायची. नवरा-बायको, मैत्रिणी, सासू-सून. गाडी सुटताना मी माइकवर ओरडायचे, ‘आपापली जोडी बघा!’ आणि प्रत्येकानं फक्त आपला जोडीदार आहे ना, तेवढं बघायचं. बोट नको, आकडा नको. पद्धत इतकी नामी की कधी कुणी मागे राहिलं नाही. म्हणजे, त्या सहलीपर्यंत.

रांजणगावच्या कंपन्या नव्यानं उभ्या राहत होत्या ती वर्षं. तिथल्या एका कंपनीत लागलेला दत्तू नावाचा न्हावऱ्याकडचा मुलगा बायकोला घेऊन सहलीला आला, आणि सोबत वडलांना घेऊन आला. वडील म्हणजे बिरूआबा. सत्तरी गाठलेले, उंच, काटक, डोक्याला लाल पटका, हातात काठी. घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं. आता विहीर झाली होती, कांदा-गहू होत होता, मुलगा कंपनीच्या बसनं शिफ्टला जात होता. पण आबांनी आपली वीस-बावीस मेंढरं सोडली नव्हती. रोज सकाळी भाकरी बांधून ते मेंढरांमागं जायचे. सहलीच्या चार दिवसांसाठी मेंढरं पुतण्याकडे ठेवली होती, आणि पुतण्या मेंढरांना नीट पाणी पाजतो का नाही याची काळजी त्यांनी वाईपर्यंत केली.

दत्तू आणि त्याची बायको कांता, ही एक जोडी झाली. आबा सुटे राहिले. पहिल्या सकाळी ते गाडीच्या दारात उभे राहून म्हणाले, ‘बाई, माझी जोडी कुनाशी?’ सगळी गाडी हसली. मीही हसले आणि म्हणाले, ‘आबा, तुमची जोडी माझ्याशी.’

हे वाक्य ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

आबांइतका गोड प्रवासी मला कधी मिळाला नाही, हे मला सांगूच द्या. ते पुढे केबिनमध्ये शब्बीरभाईंच्या शेजारी बसायचे, कारण मागे बसलं की रस्ता दिसत नाही म्हणे. पाचगणीच्या पठारावर सगळे घोड्यांकडे पळाले आणि आबा गवत उपटून चाखत उभे. ‘एवढं रान, आन् एक मेंढरू न्हाई,’ असं म्हणून त्यांनी खरोखर मान हलवली. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी दिली तर अर्धी खाऊन अर्धी सुनेला दिली, आंबट तोंड करून. तरणेपणी मेंढरं घेऊन ते घाट उतरून कोकणात गेलेले होते, पण समुद्र पाहिलेला नव्हता. मेंढरं खारं पाणी पीत नाहीत, मग आपण कशाला जायचं तिकडं, असा हिशेब. हरिहरेश्वरला पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा बराच वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, ‘सारकं म्होरं येतंय, मागं जातंय. ह्याला वळनारा कुनी न्हाई का?’ मी ते त्याच दिवशी माइकवर सगळ्यांना सांगितलं. पुढे कितीतरी सहलींत सांगितलं. लोक हसायचे. कुणाचं वाक्य, ते मात्र सांगणं मी नंतर बंद केलं.

हरिहरेश्वरला देवळामागून प्रदक्षिणेची वाट आहे. तुम्ही गेला असाल तर ठाऊक असेल — आधी पायऱ्या चढून टेकडीवर जायचं, मग दोन कड्यांच्या फटीतून सरळ खाली पायऱ्या उतरायच्या, की समुद्राकाठचा खडक लागतो. त्या खडकावरून वळसा घालून माणूस पुन्हा देवळापाशी निघतो. म्हणजे गेलेली वाट आणि आलेली वाट एक नाही. आणि भरती आली की तो खडक पाण्याखाली जातो. त्या दिवशी देवळापाशी आम्हाला बजावून सांगितलं होतं, साडेअकराच्या आत माघारी या, पुढे पाणी चढतंय.

आमच्यातल्या दोन-तीन बायका देवळातच रेंगाळल्या होत्या. बाकीच्यांना घेऊन मी टेकडीवर आले. आबांनी त्या खड्या पायऱ्या पाहिल्या आणि काठी टेकून थांबले. गुडघा बरा नव्हता. मला बरंच झालं. मी त्यांना म्हणाले — शब्दन्‌शब्द आठवतात मला — ‘आबा, तुम्ही इथंच थांबा. आता मागनं कुणी आलं तर खाली सोडू नका, पाणी चढायला लागलंय. मी येऊन सांगेपर्यंत हलू नका.’ आबा म्हणाले, ‘तू जा बिनघोर.’ आणि पायरीच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभे राहिले.

मी खाली उतरले. वळसा घालताना पाटसच्या एक वहिनी शेवाळावरून घसरल्या, घोटा मुरगळला. त्यांना दोघांनी धरून देवळापर्यंत आणलं. तिथे मलम, फडकं, गार पाणी, सतरा जणांचे सतरा सल्ले. रेंगाळलेल्या बायका देवळाशीच भेटल्या, त्या वर गेल्याच नव्हत्या. वहिनींना उचलून गाडीत बसवलं. मी दारात उभी राहिले, माइक घेतला आणि ओरडले, ‘आपापली जोडी बघा!’ सगळीकडून ‘आहे, आहे’ आलं. दत्तूला वाटलं, आबा नेहमीसारखे केबिनमध्ये. शब्बीरभाईंना वाटलं, आज मागे लेकापाशी बसले. कुणाची चूक नाही त्यात. प्रत्येकानं आपली जोडी पाहिली.

मी पाहिली नाही. गाडी निघाली, आणि मी भेंड्या सुरू केल्या.

आता, एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले असते का? विसरणं हा काही गुन्हा नाही. माणूस विसरतो. गॅसवर दूध विसरतो, पोराला शाळेत विसरतो. त्या मुरगळलेल्या पायाचं मी वर जे सांगितलं, ते सबब म्हणून नाही, तसं घडलं म्हणून. पुढे ऐका.

श्रीवर्धनला पोहोचायला तासभर लागला. तिथे एका घरगुती खानावळीत जेवण सांगून ठेवलेलं होतं. पानं मांडली गेली, माणसं बसली, आणि एक पान मोकळं राहिलं. कांता म्हणाली, ‘आबा कुठं हायती?’ मला त्याच क्षणी कळलं. नुसतं नाहीत एवढंच नाही — कुठे आहेत, कसे उभे आहेत, काठी कशी धरलीये, सगळं दिसलं. आणि मी काय म्हणाले? ‘अगंबाई, देवळापाशी राहिले की काय?’

बाकीच्यांना जेवायला बसवून शब्बीरभाई, दत्तू आणि मी रिकामी गाडी घेऊन उलटे फिरलो. दत्तूचा चेहरा पांढराफटक पडला होता. पुढच्या सीटवर बसून तो सारखा पुढच्या काचेतून बघत होता, जणू आबा रस्त्यानं चालत येताना दिसतील. मग त्यानं मान वळवून मला विचारलं — रागानं नाही, फार अदबीनं — ‘ताई, तुमी सांगितलं हुतं ना त्यास्नी, गाडी निघतीय म्हनून?’

किती सोपं होतं! ‘नाही रे दत्तू, मीच विसरले.’ पाच शब्द. त्यानं मला काय केलं असतं? फार तर गाडीत गप्प बसला असता, फार तर घरी जाऊन चार ठिकाणी बोलला असता. पण माझ्या डोळ्यांपुढे ती चार ठिकाणंच आली. दौंडमध्ये, शिरूरमध्ये लोक म्हणणार, ती बाई म्हाताऱ्याला कड्यावर ठेवून आली. एवढ्या वर्षांत कमावलेलं नाव. मी म्हणाले, ‘सांगितलं होतं रे. आबा, गाडीकडं चला, असं स्वतः सांगितलं होतं. विसरले असतील.’

बोलून गेले आणि इतकं स्वाभाविक वाटलं की क्षणभर माझाच विश्वास बसला.

आबा तिथेच होते. टेकडीवर, पायऱ्यांच्या तोंडाशी. ऊन उतरायला लागलं होतं. पटक्याचं टोक मानेवर ओढून घेतलं होतं, ओठ सुकलेले, पण उभे. तिथल्याच एका सरबतवाल्यानं सांगितलं, बसायला पाट दिला तरी बसले नाहीत. भरती चढत असताना पुण्याची काही हौशी मंडळी खाली निघाली होती, त्यांना आबांनी काठी आडवी घालून परतवलं म्हणे. त्यांनी आधी हुज्जत घातली, मग खाली डोकावून पाण्याकडे बघितलं आणि निमूट गेली. मला बघून आबांचा चेहरा असा खुलला! म्हणाले, ‘बाई, कुनी खाली गेलं न्हाई बघ.’

दत्तू धावत गेला, त्यांच्या खांद्याला धरून हलवलं. ‘आबा, काय बोलताय? ताईंनी तुमास्नी गाडीकडं चला म्हनून सांगितलं हुतं की! ध्यानात ऱ्हायलं न्हाई व्हय?’

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रोखून नाही, आरोप नाही. सरळ पाहिलं, म्हणजे मी काय ते सांगीन म्हणून. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, ‘जाऊ दे रे दत्तू, वय आहे. सापडले ना, देव पावला.’

गाडीत आबा पुन्हा केबिनमध्ये जाऊन बसले. श्रीवर्धनला जेवले, दिवेआगरला वाळूत बसले, लोकांनी त्यांची थट्टा केली तशी त्यांनीही हसून घेतली. ‘आबा, आता घरचा पत्ता खिशात ठेवा,’ असं कुणीसं म्हणालं. माझ्यावर एक शब्द आला नाही. उलट सगळे म्हणाले, बाईंनी किती पटकन शोधून आणलं.

आणि हेही पूर्ण नाही. थांबा, येतेय मी तिथेच.

दोन महिन्यांनी फोटो धुऊन आले. सहलीचे फोटो मी घरोघरी नेऊन द्यायचे. त्याच पिशवीत पुढच्या सहलीची पत्रकं असायची. न्हावऱ्याला उतरून वस्तीवर गेले. दुपार होती, दारात लिंबाची सावली, कांतानं पाणी आणलं, दत्तूची सुट्टी होती. आबा ओट्यावर बसले होते. त्या वेळी आबा घरी? मी विचारलं, मेंढरं कुठायत?

दत्तू म्हणाला, दिली मावशीकडं. आबांना आता एकटं सोडत नाही आम्ही. हायवे जवळ, ट्रक सुसाट जातात, आबा वाट विसरले, मेंढरं रस्त्यावर आली तर? बाजारालाही एकटं पाठवत नाही. हे सगळं तो फार मायेनं सांगत होता. चांगला मुलगा. आणि मग म्हणाला, ‘ताई, तुमच्यामुळं येळंवर कळलं बगा. न्हाईतर आमच्या कुठं ध्यानात आलं असतं?’

माझे आभार मानले त्यानं. माझे.

तेव्हा सांगायचं होतं ना? तेव्हा तर घाई नव्हती, गडबड नव्हती, कुणी हरवलेलं नव्हतं. चहा व्हायला अवकाश होता. पण दत्तूनं त्याच दमात सांगितलं की त्याच्या खात्यातली सगळी माणसं डिसेंबरात बायकापोरांसह माझ्या सहलीला येणार, एक अख्खी गाडी भरेल. तो पत्रकं घेऊन शेजारी द्यायला गेला. कांता चुलीपाशी. ओट्यावर आबा आणि मी.

आबांनी फोटो हातात घेतला होता, पठारावरचा. तो खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, ‘बाई, एक इचारू? तू मला खरंच गाडीकडं चला म्हनाली हुतीस का गं?’

मी पिशवीतली पत्रकं नीट लावायला लागले.

‘न्हाई, तू म्हनाली आसशील,’ ते म्हणाले, ‘तू कशाला खोटं बोलशील? पर मला आठवतंय ते येगळंच. हलू नका म्हनालीस, आसं आठवतंय. लई डोकं खाजवलं मी. तवापास्नं काय खरं आन् काय न्हाई, कळंना झालंय. म्हनून इचारतो. तू सांगशील ते खरं.’

त्यांना मला पकडायचं नव्हतं, हे समजून घ्या. पकडायचं असतं तर बरं झालं असतं. मी भांडले असते, रडले असते, कबूल झाले असते. त्यांना फक्त स्वतःचं डोकं ठिकाणावर आहे का, ते माझ्याकडून माहीत करून घ्यायचं होतं. जगात एकटी मीच ते सांगू शकत होते. आणि त्या वेळी तिथे कुणी ऐकणारंही नव्हतं — मी खरं बोलले असते तर माझं काय बिघडलं असतं? आबा कुणाला सांगणारे नव्हते. कदाचित हसले असते, ‘वाटलंच मला’ म्हणाले असते.

मी म्हणाले, ‘हो आबा. म्हणाले होते मी, गाडीकडं चला.’

आबांनी मान हलवली. ‘मंग ठीक हाय,’ म्हणाले. ‘मंग माझंच चुकलं.’ त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं, एकदाचा निकाल लागला म्हणून. थोड्या वेळानं कांता चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, ‘कांता, मी सकाळची गोळी घेतली का गं?’ तिनं हो म्हटलं. मी बघत होते. मी चहा प्याले, चांगला झाला होता, आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठले.

डिसेंबरची गाडी भरली. त्यानंतरही भरत राहिल्या, दोन-दोन गाड्या निघाल्या, आमचं घर त्यावर उभं राहिलं. मी त्या वस्तीवर आणखी तीन-चार वेळा गेले. आबा दर वेळी ओट्यावर. नातवंडं अंगाखांद्यावर खेळायची, सून वेळेवर जेवायला वाढायची, दत्तूनं त्यांच्यासाठी टीव्ही घेतला होता. खाऊन-पिऊन सुखी म्हातारा, असंच कुणीही म्हटलं असतं. मीही म्हणायचे. फक्त जागेवरून उठताना ते कुणाला तरी विचारायचे, की मी उठू का, मघाशीच जाऊन तर आलो नाही ना. आणि मला बघून हसायचे, पहिल्यासारखे. माझ्याशी वागण्यात त्यांनी काही बदल केला नाही.

पाच-सहा वर्षांनी आबा गेले. मी दहाव्याला गेले होते. बायकांत बसले होते आणि काहीतरी बोलायचं म्हणून कांताला म्हणाले, शेवटी शेवटी फारच विसरायला लागले असतील ना?

कांता डोळे पुसत म्हणाली, ‘न्हाई ओ ताई. शेवटच्या दिसापतोर समद्यांची नावं घेत हुते. मावशीकडं दिलेली मेंढरं, कुनाचं कोकरू कोन, समदं तोंडपाठ. इसरले म्हनाल तर ती तुमच्या सहलीतली एकच येळ. पर त्यांचा सोतावरचा इस्वासच उडला हुता बगा.’

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

ती एक वेळसुद्धा आबा विसरले नव्हते. विसरले होते मी. आणि त्यांनी ओट्यावर विचारलं, तेव्हा मला सगळं आठवत होतं.